वादाचा डाव कसा झाला

सोलापुरी चादर पाहिली नाही असे मराठी घर विरळाच. आमच्या शुक्रवार पेठेतून पाहुणा गावाला निघाला, की त्याच्या सामानात निदान एक तरी चादर घालून द्यायचीच, अशी रीत. पण या चादरीवरची नक्षी कुठून येते, हे पाहुण्याला सहसा ठाऊक नसते. विणकराच्या मनात ती आयत्या वेळी येत नाही. मागाच्या वर जेकॉर्ड नावाचे यंत्र बसवलेले असते, त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत राहते, आणि ताण्यातला कोणता धागा उचलायचा व कोणता खाली ठेवायचा हे ती भोके ठरवतात. आता समजा, एकसारखी भोके पाडून कार्डांच्या दोन माळा केल्या. एक सोलापूरच्या मागावर चढवली, दुसरी इचलकरंजीच्या. सोलापुरात मोर विणला गेला, तर इचलकरंजीतही मोरच विणला गेला असणार, हे मी इथे बसल्या बसल्या सांगेन. त्यासाठी तार नको, टेलिफोन नको. कार्डे आधीच सारखी केलेली आहेत, एवढे पुरे.

हे चादरीचे पुराण लावण्याचे कारण असे, की गेल्या शतकात पदार्थविज्ञानातील दोन थोर पुरुषांमध्ये जो वाद झाला, तो मुळात या कार्डांचाच वाद होता. निसर्गातील कणांच्या पोटात अशी कार्डे असतात की नसतात? आइन्स्टाइन म्हणत, असलीच पाहिजेत. बोर म्हणत, नाहीत. आणि गंमत पहा, या वादाचा निकाल लागला तो एका खेळाच्या गुणफलकावर! ती हकीकत आपल्याला सांगायची आहे.

१९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात चारच पानांचा एक लेख आला. लेखक तिघे होते: आल्बर्ट आइन्स्टाइन, बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन. आइन्स्टाइन तेव्हा जर्मनी सोडून प्रिन्स्टनला येऊन राहिले होते. लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच ४ मे रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आइन्स्टाइन यांनी पुंजवादावर हल्ला चढवल्याची बातमी छापून टाकली. ती पोडोल्स्कींनी बाहेर दिली होती, आणि आइन्स्टाइनना हा प्रकार मुळीच आवडला नाही. शास्त्राचा वाद शास्त्राच्या नियतकालिकातच व्हावा, वर्तमानपत्रात नव्हे, असे त्यांचे मत होते.

लेखातला मुद्दा असा. पुंजवादाच्या गणितानुसार दोन कण एकदा एकमेकांच्या संगतीत येऊन दूर गेले, तरी त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही, दोघांचा मिळून एकच मांडावा लागतो. एकाची तपासणी केली की दुसऱ्याविषयी तत्काळ कळते, मग तो कितीही लांब असो. इथपर्यंत आपली चादरही तेच करते. पण पुंजवाद पुढे असेही म्हणतो, की तपासणी होईपर्यंत उत्तर ठरलेलेच नसते. म्हणजे कार्डे नाहीत, आणि तरीही दोन्ही मागांवर मोरच! आइन्स्टाइन म्हणाले, हे पटत नाही. एक तर इथल्या तपासणीचा तिथे तत्क्षणी परिणाम होतो असे मानावे लागेल, जे केवळ अशक्य. नाही तर कणांपाशी कार्डे आहेत आणि तुमच्या शास्त्राला ती दिसत नाहीत, म्हणजे तुमचे शास्त्र अपुरे. पुढे १९४७ साली मॅक्स बॉर्न या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या दूरवरच्या परिणामाला चक्क भुताटकीची उपमा दिली.

नील्स बोर यांनी त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, त्याच मथळ्याखाली उत्तर दिले. ते उत्तर वाचून समाधान झाले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते नीट समजले असे सांगणारे मात्र थोडे, आणि मी काही त्या थोड्यांतला नव्हे. त्याच वर्षी श्रोडिंजर यांनी या अवस्थेला जर्मनमध्ये एक नाव दिले. हाताची घडी घातली म्हणजे एक हात दुसऱ्यात अडकतो ना, त्यासाठी वापरतात त्याच जातीचा तो शब्द. मराठीत आपण ‘गुंतलेपण’ म्हणू.

पुढची तीस वर्षे हा वाद जवळजवळ पडून राहिला. एक कारण असे, की जॉन फॉन नॉयमन या अफाट बुद्धीच्या गणितज्ञाने १९३२ च्या आपल्या ग्रंथात कार्डे असूच शकत नाहीत याची सिद्धता दिली होती, आणि नॉयमनच्या चुका काढायला कोण जाणार? ग्रेटे हेरमान नावाच्या जर्मन विदुषीने १९३५ मध्येच त्या सिद्धतेतील कच्चा दुवा दाखवला होता. तिचे कोणी ऐकले नाही. १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी कार्डे मानून पुंजवादाची सर्व उत्तरे जशीच्या तशी काढून दाखवली, तेव्हा कुठे काही जणांचे डोळे किलकिले झाले. बोम यांच्या कार्डांची गोम एवढीच, की इथले कार्ड तिथल्या हालचालीने तत्क्षणी बदलत असे. म्हणजे आइन्स्टाइनना जे नको होते तेच मागील दाराने घरात आले!

आइन्स्टाइन १९५५ च्या एप्रिलमध्ये वारले. बोर १९६० च्या जानेवारीत हिंदुस्थानात येऊन गेले, मुंबईलाही आले होते; १९६२ च्या नोव्हेंबरात तेही गेले. दोघेही आपापल्या मतावर शेवटपर्यंत ठाम. दोन वर्षे उलटली, आणि ज्याचे नाव दोघांनाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, अशा एका माणसाने हा वाद प्रयोगशाळेत नेण्याची वाट दाखवली.

हा माणूस म्हणजे जॉन बेल. जन्म १९२८, बेलफास्टचा, बेताच्या परिस्थितीतल्या घरातला. जिनिव्हाच्या ‘सर्न’ या संशोधन केंद्रात त्याची नोकरी होती, आणि कणांना वेग देणारी यंत्रे व कणांचे सिद्धान्त हे त्याचे पगारी काम. पुंजवादाच्या मुळाशी काय आहे, हा विचार तो फावल्या वेळात करी. १९६४ साली रजा घेऊन तो अमेरिकेत गेला असता त्याने आपला लेख लिहिला. लेख छापायला दिला तोही एका नव्या, कोणाच्या फारशा वाचनात नसलेल्या नियतकालिकाला; कारण मोठ्या नियतकालिकात पानामागे पैसे भरावे लागत, आणि पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने यजमान संस्थेकडे ते मागायचे कसे? ते नियतकालिक पुढे थोड्याच वर्षांत बंद पडले. या भिडस्तपणामुळे विसाव्या शतकातील एक फार मोठा लेख कितीतरी वर्षे धूळ खात पडला.

बेलने केले काय? आइन्स्टाइन बरोबर की बोर बरोबर, हे त्याने ठरवले नाही. त्याने एवढेच दाखवले, की कार्डे असली आणि इथल्या कार्डावर तिथल्या घडामोडीचा परिणाम होत नसला, तर दोन ठिकाणच्या उत्तरांचा मेळ अमुक मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकत नाही. पुंजवादाचे गणित मात्र ती मर्यादा ओलांडते. तेव्हा मोजा आणि पहा!

ही मर्यादा समजण्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. पुढे संगणकशास्त्रज्ञांनी तिला एका खेळाचे रूप दिले, आणि तो खेळ आपल्याला घरी खेळता येतो. मी तो आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरी नात आणि नातू यांच्याकडून खेळवून घेतला आहे. खेळ म्हटला की एकाने जिंकायचे आणि दुसऱ्याने हरायचे, अशी आपली समजूत. इथे तसे नाही. दोघे एकाच बाजूचे गडी. जिंकले तर दोघे, हरले तर दोघे.

नातीला बसवले ओसरीवर, नातवाला परसात. नातीजवळ मी, नातवाजवळ त्याची आजी. आम्ही दोघांनी एकाच वेळी आपापले नाणे उडवायचे आणि आपल्या गड्याला ‘छापा’ किंवा ‘काटा’ एवढेच सांगायचे. गड्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. पलीकडे काय पडले हे कोणालाच माहीत नाही, आणि ओरडून विचारायचे नाही. नियम एवढाच: दोन्हीकडे काटा पडला असेल तर दोघांची उत्तरे वेगवेगळी हवीत. बाकी कोणत्याही वेळी ती सारखी हवीत. खेळ सुरू होण्यापूर्वी दोघांनी हवे तेवढे खलबत करावे, कागदावर टिपून न्यावे. आमची हरकत नाही. ती टिपलेली उत्तरे म्हणजेच आपली कार्डे.

वाचकहो, पुढे वाचण्याआधी थोडा वेळ आपणही डोके चालवून पहा. कोणते खलबत केले म्हणजे प्रत्येक डाव जिंकता येईल?

सोपी युक्ती अशी, की दोघांनी डोळे मिटून नेहमी ‘हो’ म्हणावे. दोन्हीकडे काटा पडण्याची वेळ चारात एकदाच येते. तो डाव गेला, बाकीचे तीन जिंकले. म्हणजे शंभरात पंचाहत्तर. याहून चांगली युक्ती असेल का? समजा आहे. मग पहा. दोन्हीकडे छापा असता उत्तरे सारखी हवीत, म्हणून नातीचे छाप्याचे उत्तर आणि नातवाचे छाप्याचे उत्तर एकच. नातीचा छापा व नातवाचा काटा असतानाही सारखी हवीत, म्हणून नातवाचे काट्याचे उत्तरही तेच. नातीचा काटा व नातवाचा छापा असताना पुन्हा सारखी हवीत, म्हणून नातीचे काट्याचे उत्तरही तेच. झाले! चारही उत्तरे एकच निघाली, आणि दोन्हीकडे काटा पडल्यावर ती वेगळी हवी होती. कोणालाही हवे तर सर्व कार्डे मांडून पाहावीत. प्रत्येकाची चार तऱ्हेची कार्डे, दोघांच्या मिळून सोळा जोड्या. प्रत्येक जोडी निदान एका ठिकाणी अडते. डावागणिक कार्डे बदलली तरी काही लाभ नाही, कारण पंचाहत्तराच्या वर कोणतीच जोडी जात नसेल, तर त्यांची सरासरी तरी वर कशी जाईल?

आमच्या घरी चाळीस डावांत मुलांनी एकतीस जिंकले. आता चाळिसाचे पाऊण म्हणजे तीस. मुले उड्या मारू लागली, की आजोबा, तुमचा नियम आम्ही मोडला! मग त्यांना सांगावे लागले, की नाण्याची मर्जी असते, थोड्या डावांत एखाद-दुसरा डाव इकडे तिकडे होणारच. पुन्हा चाळीस खेळलो, तेव्हा अठ्ठावीस आले. उड्या थांबल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही विचारात घ्यावी लागली.

आता याच मुलांच्या हाती कार्डांऐवजी गुंतलेल्या प्रकाशकणांच्या जोड्या द्या. एका जोडीतला एक फोटॉन नातीकडे, दुसरा नातवाकडे. दोघांपाशी पोलरॉइड चष्म्यात असते तसली एक काच. फोटॉन काचेतून पार गेला तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. दोन्ही काचा एकाच कोनात धरल्या, तर दोन्ही फोटॉन पार तरी होतात नाही तर दोन्ही अडतात. काचांमध्ये कोन पडला की हा मेळ बिघडू लागतो. किती बिघडतो, ते पुंजवाद नेमके सांगतो. साडेबावीस अंशांचे अंतर असेल तर शंभरात सुमारे ८५ वेळा उत्तरे जुळतात. साडेसदुसष्ट अंशांचे असेल तर सुमारे ८५ वेळा ती जुळत नाहीत.

कंपासपेटीतला कोनमापक घ्या. नातीने छाप्याला काच सरळ धरावी, काट्याला उजवीकडे ४५ अंश. नातवाने छाप्याला उजवीकडे साडेबावीस अंश, काट्याला डावीकडे साडेबावीस. आता दोन्हीकडे छापा असता काचांतले अंतर साडेबावीस. एकीकडे छापा व दुसरीकडे काटा असता, कसेही असले तरी साडेबावीसच. आणि दोन्हीकडे काटा असता? उजवीकडचे ४५ आणि डावीकडचे साडेबावीस मिळून साडेसदुसष्ट! जिथे उत्तरे जुळायला हवीत तिथे ८५ वेळा जुळतात, जिथे जुळायला नकोत तिथे ८५ वेळा जुळत नाहीत. चारही बाजूंनी ८५, बारकाईने सांगायचे तर ८५.३६. कार्डांनी पंचाहत्तरापुढे जाता येत नव्हते, आणि इथे कोणीही कोणाला काही न कळवता दहा डाव जास्त मिळाले.

म्हणजे जॉन बेलने वादाचे रूपांतर ७५ आणि ८५ या दोन आकड्यांत करून ठेवले. प्रत्यक्षात मोजता येईल असे सूत्र १९६९ मध्ये जॉन क्लॉझर, मायकेल हॉर्न, अबनर शिमोनी व रिचर्ड होल्ट या चौघांनी दिले. वरचा खेळ त्याच सूत्रावरून काढलेला आहे. यातला क्लॉझर हा तरुण मनातून आइन्स्टाइनच्या बाजूचा. पुंजवाद हरावा अशी त्याची इच्छा. बर्कलीला जाऊन त्याने स्टुअर्ट फ्रीडमन या विद्यार्थ्याबरोबर कॅल्शियमच्या अणूंपासून फोटॉनच्या जोड्या मिळवल्या, आणि १९७२ मध्ये दोघांनी निकाल जाहीर केला. पुंजवाद जिंकला. स्वतःच्या इच्छेविरुद्ध आलेला आकडा जसाच्या तसा छापणे, याला मी तरी मोठेपणा म्हणतो. या कामाचे चीज मात्र लवकर झाले नाही. असले प्रश्न म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असा तेव्हा विद्यापीठांतून समज होता, आणि क्लॉझरला प्राध्यापकाची जागा काही मिळाली नाही.

अलँ आस्पे नावाचा फ्रेंच तरुण असाच प्रयोग करण्याचा बेत घेऊन बेलला भेटायला जिनिव्हाला गेला. सगळे ऐकून घेऊन बेलने पहिला प्रश्न विचारला तो शास्त्राचा नव्हे. तुमची नोकरी कायमची आहे ना, हा! ती होती, म्हणून बरे. आस्पेचा प्रयोग काय साधत होता? बर्कलीच्या प्रयोगात काचांचे कोन आधीपासून लावून ठेवलेले असत. त्यामुळे एखादा शंकेखोर म्हणू शकला असता, की इकडचा कोन तिकडे कसा तरी कळला असेल. आमच्या घरच्या डावात आजीने खोकून खूण केली तर काय, तशातला हा प्रकार. १९८२ मध्ये आस्पे व त्याचे सहकारी यांनी सुमारे बारा मीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी फोटॉन वाटेत असतानाच कोन बदलण्याची सोय केली, इतक्या झटपट की प्रकाशालाही निरोप पोचवायला वेळ मिळू नये. निकाल तोच आला.

यानंतर या क्षेत्रात गर्दी वाढली. १९८९ मध्ये डॅनियल ग्रीनबर्गर, हॉर्न आणि आंतोन त्साइलिंगर यांनी तीन गड्यांचा प्रकार काढला. त्याचाही पुढे खेळ झाला, आणि तो तर अधिकच नवलाचा. कार्डे घेऊन खेळणारे तिथेही चारात तीनच डाव जिंकतात, पण गुंतलेले तीन कण घेऊन खेळणारे सिद्धान्ताप्रमाणे एकही डाव हरत नाहीत. कण वाढवत नेले तर ही तफावत किती वाढते, या प्रश्नावर जगातल्या ज्या थोड्या जणांनी सुरुवातीला काम केले, त्यांत आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह हे दोघे होते. अनेक कणांसाठी बेलची कसोटी कशी लावावी, यावरचा त्यांचा लेख १९९१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. कुलाब्याच्या समुद्रकाठी हे काम झाले, ही गोष्ट आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

इथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे, कारण त्यापायी लोकांचे पैसे जातात. गुंतलेल्या कणांनी निरोप पाठवता येतो, मनातले विचार दूरच्या माणसाला कळतात, अमुक ताईत घातला की ‘क्वांटम’ शक्तीने सांधेदुखी बरी होते, असे सांगणारे लोक हल्ली बाजारात पुष्कळ झाले आहेत. त्यांना एवढेच विचारावे, की नातीच्या हाती पडलेली उत्तरे एकटीच पाहिली तर काय दिसते? निम्मी ‘हो’, निम्मी ‘नाही’, आणि त्यांत कसलाही क्रम नाही. नातवाने काच कशीही फिरवली तरी नातीच्या यादीत तसूभर फरक पडत नाही. दोन्ही याद्या एका ठिकाणी आणून शेजारी शेजारी ठेवाव्या, तेव्हाच मेळ दिसतो. एक यादी सोलापुरात आणि दुसरी अडीचशे किलोमीटरवर पुण्यात असली, तर ती आणायला एस.टी.ने जा नाही तर तारेने मागवा. प्रकाशाच्या वेगाने आणली तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळ लागणारच. डाव जास्त जिंकले जातात, पण बातमी एका अक्षराचीही जात नाही. माझ्या नातवाला परीक्षेत बहिणीकडून उत्तर मिळवण्याची आशा होती, ती इथे संपली.

पण मग ८५ च का? शंभर का नाहीत? पुंजवादाला यापुढे जाता येत नाही हे लेनिनग्राडच्या बोरिस त्सिरेल्सन यांनी १९८० मध्ये सिद्ध केले. आणि १९९४ मध्ये सँडू पोपेस्कू व डॅनियल रोर्लिच यांनी असे दाखवले, की निरोप न पाठवता शंभर टक्के डाव जिंकणारी पेटी कल्पिली तर तीत तर्काला धरून काहीच वावगे नाही. निसर्गाने तशी पेटी केलेली नाही. तो मध्येच थांबला. का थांबला, याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही.

आता शेवटच्या सामन्याकडे येऊ. आस्पेनंतरही शंकेखोरांच्या हाती दोन पळवाटा उरल्या होत्या. एक अंतराची, ती १९९८ मध्ये इन्सब्रुकला त्साइलिंगरच्या चमूने चारशे मीटरवर प्रयोग करून जवळजवळ बुजवली. दुसरी गळतीची. पुष्कळसे फोटॉन यंत्रात दिसतच नाहीत. मग दिसले तेवढेच डाव मोजणे म्हणजे हरलेले डाव वहीतून गाळण्यासारखे नाही का? एकाच प्रयोगात दोन्ही वाटा बंद करण्याचे काम हॉलंडमधील डेल्फ्ट येथे रोनाल्ड हान्सन यांच्या चमूने २०१५ मध्ये केले. तिथे १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांत हिऱ्याच्या स्फटिकातील इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतवले होते, आणि एकही डाव गाळायचा नाही अशी शर्त होती. गुंतवण्याचे काम इतके जिकिरीचे, की कित्येक दिवस यंत्र चालवून डाव झाले अवघे २४५. त्यांतले १९६ जिंकले. कार्डांनी फार तर १८४ च्या आसपास जिंकले असते.

आमच्या घरच्या एकतीस डावांची आठवण झाली ना? तीच शंका इथेही घेतली गेली. नुसत्या नशिबाने इतके डाव जिंकण्याचा संभव किती, तर शंभरात जास्तीत जास्त चार. हा आकडा त्यांनी स्वतःच्या लेखातच दिला. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे आणि अमेरिकेत बोल्डर येथे फोटॉन घेऊन असेच बिनपळवाटांचे प्रयोग झाले, त्यांतली डावांची संख्या प्रचंड, आणि तिथे नशिबाला वावच राहिला नाही. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी तर एक मौजेचा प्रयोग झाला. कोन यंत्राने न निवडता माणसांनी निवडावे, म्हणून जगभरच्या एक लाखाहून अधिक लोकांनी संगणकावर शून्य आणि एक असे आकडे मनाला येतील तसे टिपून पाठवले, आणि निरनिराळ्या खंडांतील प्रयोगशाळांनी ते वापरले. निकाल बदलला नाही. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून गुंतलेले फोटॉन बाराशे किलोमीटर अंतरावरच्या दोन ठाण्यांवर उतरवले. तिथेही कार्डांचा पराभव झाला.

२०२२ चे नोबेल पारितोषिक क्लॉझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना विभागून मिळाले. जॉन बेल १९९० च्या ऑक्टोबरातच वारला होता. नोबेल पारितोषिक मृतांना देत नाहीत.

मग आइन्स्टाइन हरले, असे म्हणायचे का? मला तसे म्हणवत नाही. १९३५ चा तो प्रश्न त्यांनी विचारला नसता, तर बेलला डाव मांडायला पट कुठून मिळाला असता? आणि कार्डे अजिबात नाहीत असेही सिद्ध झालेले नाही. सिद्ध झाले ते एवढे, की इथल्यापुरती इथली आणि तिथल्यापुरती तिथली, अशी स्वतंत्र कार्डे निसर्गाजवळ नाहीत. बोम यांच्यासारखी, इथून तिथे हलणारी कार्डे मानायला आजही मोकळीक आहे. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. पण ८५ चा आकडा कोणालाच टाकता येत नाही.

या आकड्याचा उपयोगही निघाला आहे. बँकेचा व्यवहार असो की सरकारी खलिता, गुप्त लिहायचे तर दोघांपाशी एकच गुप्त किल्ली हवी. ती बनवणारी यंत्राची पेटी विकत आणली, तर तिच्या आत विकणाऱ्याने काय भरले आहे हे गिऱ्हाइकाला कसे कळावे? त्याने आत कार्डे भरून ठेवली असतील, आणि तीच कार्डे चोराजवळही असतील! यावर तोड अशी, की पेटी उघडूच नये. तिला आपला छापा-काट्याचा खेळ खेळायला लावावा आणि डाव मोजावेत. पंचाहत्तराच्या पुरेसे वर गेले, तर आत कार्डे नाहीत याची खात्री पटते, मग पेटी कोणी का केलेली असेना. २०२२ मध्ये ऑक्सफर्ड येथे स्ट्रॉन्शियमचे दोन अणू गुंतवून सुमारे आठ तासांच्या खेळातून अशी सुमारे ९५ हजार अंकांची किल्ली काढून दाखवली. भारत सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिच्या कामात मुंबईची आय.आय.टी. आहे, आणि पुण्याच्या आयसर या संस्थेतही या विषयाचे केंद्र चालते.

ऑक्सफर्डच्या त्या प्रयोगात दोन अणूंमध्ये अंतर होते दोन मीटर. आमच्या ओसरीपासून परसापर्यंतचे अंतर त्याहून जास्त आहे.